लखूदादा उळवीला गेला

॥ श्री ॥

कारवार,
ता. ३० जानेवारी २०२६

चि. बाळीस,
लखूदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम. तिकडचं क्षेम तुझं उत्तर आल्यावर कळेल, म्हणून आधी पत्र पुरतं वाच आणि मगच रागाव. मी उळवीच्या जत्रेत नाही. मी कारवारला आहे आणि समोर समुद्र आहे.

झालं असं की कुंभारवाड्याच्या फाट्यावर यशवंताने जीप थांबवली. एक रस्ता उळवीचा, दुसरा अणशी घाटाचा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं आणि जीप घाट उतरायला लागली. यात लबाडी कुणाची ते तूच ठरव. मी स्टेअरिंगला हातसुद्धा लावलेला नाही. यशवंताला तू ओळखतेसच. रामनगरचा हा माणूस तीस वर्षं गावोगाव प्रवासी नेणारी वडापची जीप चालवत होता, आता जीप आणि तो दोघेही निवृत्त आहेत. त्याला कुमट्याला मुलीकडे जायचं होतं, मला सोबत नेलं.

पण खरं कारण सांगतो, कारण तुझ्यापासून लपवून मला आजवर काही पचलेलं नाही. दिवाळीला विनोदने येऊन काय ठरवलं ते तू ऐकलंसच. शिमगा झाला की मी बेळगावला त्याच्याकडे राहायला जायचं आणि बैल शेजारच्या कान्हूला देऊन टाकायचे. का, तर गेल्या चिखलणीला मी फळीवरून पडलो आणि मनगट दुखावलं. पन्नास पावसाळे बैलांमागच्या त्या फळीवर उभा राहून मी चिखल सपाट केला, तो हिशेब कुणी धरला नाही. एकदा पडलो तो धरला. अप्पांचा तोल जातो, म्हणतो माझा लेक.

तर यशवंत सांगत होता की गोकर्णाच्या पुढच्या किनाऱ्यांवर माणसं फळीवर उभी राहून लाटांवरून येतात, आणि त्यात माझ्याहून म्हातारे गोरेही असतात. मला वाटलं, पाण्यावरच्या फळीवर उभा राहून दाखवलं तर विनोदला बोलायला तोंड उरणार नाही. तू उळवीला वाहायला दिलेला नारळ समुद्राला दिला. देवाला तसं मनातल्या मनात कळवलं आहे.

मोबाइल मुद्दाम घरी तांदळाच्या डब्यात ठेवला आहे, शोधू नकोस, नाहीतरी आपल्याकडे रेंज कुठली. पत्र शिवानंद कंडक्टरजवळ देतो, तो जोयड्याच्या जीपवाल्याकडे पोचवेल. उत्तर कुमट्याला यशवंताच्या प्रियांकाच्या पत्त्यावर धाड. विनोद आला तर मी उळवीला आहे असंच सांग.

रागातही माझी आठवण काढशील एवढी खात्री असलेला,
तुझा लखूदादा


॥ श्री ॥

बाजारकुणंग,
ता. २ फेब्रुवारी

ति. लखूदादास,
बाळीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पुरतं वाचलं आणि मग रागावले. नंतर म्हशीची धार काढली आणि पुन्हा थोडं रागावले. आता बरं वाटतं आहे.

खोटं बोलायचं तर आधी मला विचारायचं होतंस, तुझ्यापेक्षा मला ते नीट जमतं. कान्हू रोज सकाळी कुंपणाशी येऊन विचारतो की लखूदादा अजून कसा आला न्हाई. काल मी सांगून टाकलं की तू जत्राभर उळवीतच राहणार आहेस, अन्नछत्रात भाजी चिरायला. कान्हूने डोकं खाजवलं. तू उभ्या जन्मात काकडीसुद्धा चिरलेली नाहीस हे त्याला ठाऊक आहे. शेवटी देवाची करणी हाय बाबा असं म्हणून गेला. आता वाडीतली सगळी घरं तुझ्या हातच्या प्रसादाची वाट पाहत आहेत. समुद्रावर प्रसाद मिळतो का ते पाहा.

कान्हू बैलांकडेही रोज बघून जातो. परवा त्याने काजळ्याचे दात पाहिले. मी म्हटलं, आधी माझे पाहा, मी पण याच घरातली आहे.

आता थट्टा पुरे. तू फळीवर उभा राहणार, पडणार, हाडं मोडून घेणार याची मला धास्ती आहेच. पण दुसरी एक आहे ती आज लिहून टाकते. अठरा वर्षांपूर्वी पांढरं कपाळ घेऊन मी या घरी परत आले तेव्हा तू एका शब्दाने विचारलं नाहीस की किती दिवस राहणार. तेव्हापासून चूल माझी आणि गोठा माझा. तू बेळगावला गेलास की मी कुठे राहायचं हे कुणी बोललेलं नाही. दिवाळीला विनोद एवढंच म्हणाला की आत्याचंही बघू काहीतरी. ते ‘काहीतरी’ माझ्या घशात अजून अडकलं आहे. पोर वाईट नाही, पण घाईत आहे.

तेव्हा उभा राहायला गेलाच आहेस तर नीट उभा राहा. ओल्या अंगाने वाऱ्यात बसू नकोस आणि कढी पिऊ नकोस, तुला खोकला होतो.

तुझ्यावर रागावण्याचा हक्क राखून ठेवलेली,
बाळी


॥ श्री ॥

कुमटा,
ता. ६ फेब्रुवारी

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, पण हातात नाही, कानात. आम्ही किनाऱ्यावर होतो, म्हणून प्रियांकाने ते उघडून यशवंताच्या फोनवर मोठ्याने वाचून दाखवलं. काजळ्याच्या दातांपाशी तिचे सासरेही ऐकायला येऊन बसले म्हणे. यापुढे माझ्या खोकल्याबद्दल जपून लिही.

इथे मनीषा नावाची मुलगी भेटली आहे. मुलगी म्हणजे तिशीची बाई, कारवारच्या कोळ्यांची. लाटांवर उभं राहायला शिकवते. तिची गाडी बंद पडली होती आणि फळ्या घेऊन किनाऱ्या-किनाऱ्याने मुळकीपर्यंत जायचं होतं. यशवंताची जीप बघून तिचे डोळे चमकले. तिच्या सहा फळ्या आता जीपच्या टपावर आहेत. ज्या टपावर भाताची पोती, कोंबड्यांचे खुराडे आणि एकदा अख्खं लग्नाचं कपाट गेलं, तिथे या लाल-पिवळ्या फळ्या बांधून यशवंत असा चालवतो की जणू नवरा-नवरीच बसवले आहेत. भाड्याच्या बदल्यात ती मला शिकवते. मला ती अज्जा म्हणते आणि यशवंताला ड्रायव्हरसाहेब. तेव्हापासून त्याच्या डोक्यात हवा गेली आहे.

पहिला दिवस कसा गेला ते लिहितो, पण कान्हूला सांगू नकोस. अकरा वेळा पडलो. कारण फळी पाहिल्याबरोबर मी आपल्या सवयीने उभा राहिलो, दोन्ही पाय शेजारी-शेजारी, तोंड समोर, गुडघे किंचित वाकवून. आणि हात पुढे केले ते बैलांच्या शेपट्या धरायला. समोर शेपट्या नाहीत म्हटल्यावर हात हवेत राहिले आणि मी पाण्यात गेलो. ती कोकणीत सांगून दमली की अज्जा, एक पाय फुडें, एक फाटीं, आंग आडवें कर. पण बाळी, पन्नास वर्षांचे पाय ते. त्यांना बैल दिसल्याशिवाय काही सुचतच नाही.

शिवाय इथे अर्धी चड्डी घालावी लागते. यशवंत जीपमध्ये बसून हसतो, पाण्यात उतरत नाही. विचारलं तर म्हणतो की म्या ड्रायव्हर हाय, गाडी सोडून जाता येत न्हाई.

तुझ्या घशात जे अडकलं आहे ते वाचून (म्हणजे ऐकून) मी त्या दिवशी जेवलो नाही. उद्या पुन्हा उतरतो.

पाठ शेकून घेत असलेला,
लखूदादा


॥ श्री ॥

बाजारकुणंग,
ता. १० फेब्रुवारी

ति. लखूदादास शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र प्रियांकाने फोनवर वाचायचं नाही. यशवंतभाऊंनी ते हातात आणून द्यावं.

शनिवारी विनोद अचानक आला. मी ठरल्याप्रमाणे सांगितलं की तू उळवीला आहेस. मला वाटलं चहा पिऊन जाईल. त्याने चहा ठेवला तसाच आणि मोटारसायकल फिरवून उळवीला गेला. तिथे अन्नछत्रात जाऊन भाजी चिरणाऱ्या एकेकाला विचारलं. लखू नावाचा एकच माणूस निघाला, तो हळियाळचा आणि तीस वर्षांचा. संध्याकाळी विनोद परत आला तो धुळीने लाल होऊन. येताना प्रसादाचा पुडा मात्र आणला होता. दुसऱ्या दिवशी तो मी तुझ्या नावाने वाडीत वाटला. कान्हूने डोळे मिटून घेतला. एवढं काम तुझ्या लेकाने बरं केलं.

पण त्या संध्याकाळी काय झालं ते ऐक. विनोद पायरीवर बसला आणि बूट काढून धूळ झटकली. मग मला विचारलं की अप्पांना हल्ली आठवत नाही का, कुठे जातो म्हणून निघून कुठे भलतीकडेच जातात का. डोळ्यात पाणी होतं, दादा. मोठा झाल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. आपल्याला गंमत वाटत होती आणि ते पोर जंगलाच्या रस्त्यावर तुला शोधत होतं. म्हणून मी अर्धं खोटं मोडलं. म्हटलं, तुझा अप्पा सुखरूप हाय, शुद्धीत हाय, यशवंताच्या जीपमधून समुद्राकडं गेलाय. कशाला, ते सांगितलं नाही. तो म्हणाला की तुम्ही दोघं मिळून मला वेडा करणार. मग तो जेवला, दोनदा भात घेतला आणि सकाळी बेळगावला गेला.

मी खोटं बोलायला तयार आहे, पण लेकराला रडवायला नाही. हे मिळाल्याबरोबर त्याला फोन कर.

या वेळी खरंच रागावलेली,
बाळी


॥ श्री ॥

मुळकी,
ता. १५ फेब्रुवारी

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र प्रियांकाने बसने इथे मुळकीला धाडलं, वाचून लगेच फोन केला. पण माझ्या आधी माझी सूनबाई पोचली होती. रक्षाने बेळगावात बसून मला मोबाइलवर पाहिलं, चड्डीसकट.

सगळं क्रमाने सांगतो. कुमट्याहून निघालो, होन्नावरला नदीवरचा लांब पूल ओलांडला, मुर्डेश्वरला एक दिवस, भटकळपुढे एक दिवस. प्रत्येक किनाऱ्यावर फळ्या उतरायच्या, मनीषा पोरांना शिकवणार, मी पडणार, यशवंत हसणार. मुळकीला पोचलो तेव्हा माझी पडण्याची मोजणी मी बंद केली होती. मग मला एक सुचलं. मनीषाला म्हटलं की फळीच्या टोकाला एक दोरी बांध आणि दुसरं टोक माझ्या हातात दे. आधी ती हसली, मग तिने बांधली. दोरी हातात आली आणि बाळी, कासरा हातात आल्यासारखे पाय जागेवर आले. आडवेबिडवे काही नाही, आपल्यासारखेच समोर. मागून लाट आली, मनीषाने फळी ढकलली आणि मी उभा राहिलो. वाळू लागेपर्यंत उभा होतो. तोंडातून आपोआप काजळ्याच्या आणि बांड्याच्या नावाने हाळी निघाली. किनाऱ्यावरची माणसं टाळ्या वाजवत होती. यशवंत पँट भिजवून गुडघाभर पाण्यात आला आणि तिथेच उभ्याने रडायला लागला. मनीषाने ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं, मला न विचारता सगळ्या जगाला दाखवलं.

आता जे लिहितो ते फक्त तुझ्यासाठी. चिखलणीत पडलो त्या दिवसापासून मला भीती बसली होती. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना दाराची चौकट धरत होतो. तू पाहिलं असशील, बोलली नाहीस. विनोद म्हणत होता त्यावर मी ओरडत होतो, कारण मलाही तेच वाटायला लागलं होतं. इथे इतका पडलो की पडण्याची भीती गेली. उभं राहणं त्यानंतर आलं. हे मला घरी बसून कळलं नसतं.

विनोदने फोनवर माझं ऐकून घेतलं. येतो म्हणाला. तो कशासाठी येतो आहे, मला न्यायला की भांडायला, ते कळत नाही. आज पाण्यात न उतरता वाट पाहत बसलो आहे.

तुझ्या रागाला पात्र असलेला,
लखूदादा


॥ श्री ॥

मुळकी,
ता. १९ फेब्रुवारी

ति. आत्यास,
विनोदचा साष्टांग नमस्कार.

मी आयुष्यात तुला पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे. चुका झाल्या तर सांभाळून घे.

मी आलो तो अप्पांना गाडीत घालून बेळगावला नेण्यासाठीच. किनाऱ्यावर पोचलो तर ते पाण्यात होते आणि बाहेर यायला तयार नव्हते. तिथूनच म्हणाले की मला न्यायचं तर आत ये. कपडे काढून मी आत गेलो. मनीषाने मलाही एक फळी दिली. पंधरा वेळा पडलो, आत्या. एकदाही उभा राहिलो नाही. अप्पा पोट धरून हसत होते आणि मला हसायचं नव्हतं तरी हसू आलं. इतकं खारं पाणी नाकात गेलं की भांडायला म्हणून आणलेलं सगळं विसरलो.

दुसऱ्या दिवशी त्यांना इथल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळं तपासलं. तोल जाण्याचा आजार नाही, वय आहे, असं म्हणाले. काम करू द्या, पण एकटं काम करू देऊ नका. कुणीतरी सोबत हवं.

रात्रभर मी त्यावर विचार केला. सोबत हवी म्हणजे कोण, तर तू. दिवाळीला मी सगळं ठरवून मोकळा झालो तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं की अप्पांना इतकी वर्षं तूच सांभाळते आहेस. मी तुला विचारलंसुद्धा नाही. ‘आत्याचंही बघू काहीतरी’ हे मी बोललो होतो. ते अप्पांनी मला परत ऐकवलं तेव्हा लाज वाटली.

म्हणून आता विचारतो. तुला गावात राहायचं आहे का? तू राहणार असलीस तर अप्पा राहतील, बैल राहतील आणि चिखलणीला मी रजा काढून येईन. तुला दमायला झालं असेल, पुरे वाटत असेल, तर तसं मोकळेपणी सांग. मग तुम्ही दोघंही बेळगावला या. मागची खोली रक्षाने आजच रिकामी केली आहे. तू म्हणशील तसं होईल. अप्पांनी हे कबूल केलं आहे, जरा घाबरतच.

तुझा,
विनोद


॥ श्री ॥

बाजारकुणंग,
ता. २२ फेब्रुवारी

ति. लखूदादास नमस्कार आणि चि. विनोदला आशीर्वाद.

पत्र मिळालं. उत्तर आत्ता देत नाही. आधी मलाही समुद्र बघायचा आहे. दादाने घरी यावं, म्हैस, कोंबड्या आणि कान्हू ताब्यात घ्यावेत. यशवंतभाऊंनी त्याला सोडून त्याच जीपने मला न्यावं. आठ दिवसांनी कळवीन. तोवर वाडीत काय सांगायचं ते दादाने स्वतः जुळवावं, मी आता दमले.

बाळी


॥ श्री ॥

कुमट्याजवळ, किनाऱ्यावरून,
ता. ८ मार्च

ति. लखूदादास,
बाळीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. तू वाडीत सांगितलंस की मी उळवीला फेडायचा राहिलेला नवस फेडायला गेले, हे शिवानंदकडून कळलं. जत्रा संपून महिना होत आला, दादा. तुझ्या थापेला अजून शेंडाबुडखा येत नाही.

आठ दिवस मी काही केलं नाही. प्रियांकाच्या हातचं खाल्लं, वाळूत बसले, पाणी पाहिलं. खरं सांगायचं तर उत्तर मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. पण माझं लग्न ठरलं तेव्हा बापाला विचारलं होतं, मी माहेरी परत आले तेव्हा तुला विचारलं होतं. मला काय हवं ते सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा विनोदने विचारलं. तो प्रश्न मला थोडे दिवस जवळ ठेवायचा होता. इतक्यात उत्तर देऊन संपवावासा वाटला नाही.

मनीषाही फळ्या घेऊन याच जीपमधून इकडे परतली आहे. काल तिने विचारलं की आजी, तुका उबें रावपाक जाय काय, म्हणजे तुला उभं राहायचंय का. मी म्हटलं, बघू. काष्टा घट्ट मारला आणि पाण्यात गेले. तुझ्यासारखी दोरी मागितली. पहिल्याच लाटेला उभी राहिले, दादा. एकदाही पडले नाही. मनीषा तोंडावर हात ठेवून बघत राहिली. यशवंतभाऊ म्हणाले की हे लखूला सांगू नका, त्याला सोसायचं न्हाई. म्हणून लगेच लिहिते आहे.

आता तुला कळलं असेलच की मला हे कसं जमलं. नसेल कळलं तर सांगते. गेल्या चिखलणीला तू पडलास आणि तुला जोयड्याला मनगट बांधायला नेलं, तेव्हा मागे बैल जुंपलेलेच होते, भाताचा तरवा उपटून ठेवलेला होता आणि अर्धी खाचरं राहिली होती. बाईने फळीवर पाय ठेवला की पाऊस रुसतो म्हणतात. मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मी चढले. संध्याकाळपर्यंत सगळं सपाट केलं आणि हातपाय धुऊन चुलीशी बसले. पाऊस काही रुसला नाही, चार दिवस थांबलासुद्धा नाही. तू परत आलास, शेत पाहिलंस, कान्हूने काय झकास सपाट केलं आहे म्हणालास आणि त्याला मोठा फणस नेऊन दिलास. त्याने तो घेतला. आणि ज्याने तो फणस खाल्ला त्यालाच आपले बैल जाणार होते.

तर माझं उत्तर. मी बाजारकुणंगला राहणार. बैल राहतील. बेळगावची खोली रक्षाने पाहुण्यांसाठी ठेवावी, आपण दिवाळीला जाऊन राहू. पण मी तुझी सोबत म्हणून राहत नाही, ते शेत माझंही आहे म्हणून राहते. आणि या चिखलणीला फळीवर मी उभी राहणार, उघड, दिवसाढवळ्या, वाडीच्या देखत. बैल तू हाकायचे. विनोदने बांधावर उभं राहून बघायचं आणि पाऊस रुसला तर मला येऊन सांगायचं.

हे मान्य असेल तर उलट टपाली कळव. नसेल तर मी इथेच राहते, मनीषाला शिकवायला एक बाई हवीच आहे. ती खाली हाका मारते आहे, भरती लागली. म्हशीला वेळेवर पाणी दाखव.

तुझ्या ‘हो’ची वाट पाहत,
बाळी